न गळणारं, सहज उघडणारं झाकण

३ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. मोठे संशोधक लिहितातच. कोणाला दाखवायची नाही. पुढेमागे कोणी फारच आग्रह केला तर बघू.

कंपनीने मला ज्या ट्रेनिंगला पाठवलं होतं, ते काल संपलं. विषय: पद्धतशीर कल्पकता. इतकी वर्षं मी कल्पना सुचायची वाट बघत बसायचो. साफ चूक. कल्पना सुचत नसते, तक्त्यातून काढायची असते. डावीकडे काय सुधारायचंय ते बघायचं, वर त्यामुळे काय बिघडतं ते बघायचं. दोन्ही भेटतात त्या चौकोनात तत्त्वांचे नंबर दिलेले असतात. तत्त्व वाचायचं, लावायचं, घरी जायचं.

आमच्याकडे प्रॉब्लेमही तयार आहे. आम्ही थर्मास बनवतो. झाकण घट्ट केलं तर गळत नाही पण उघडत नाही. सैल केलं तर उघडतं पण गळतं. ट्रेनर म्हणाले, असा विरोधाभास सापडला की माणसाला आनंद झाला पाहिजे. मला झाला.

साहेबांना मात्र झाला नाही. म्हणाले, महिनाअखेरपर्यंत झाकण द्या, नाहीतर तयार झाकणं बाहेरून घेऊ आणि तुमचा डेव्हलपमेंट विभाग बंद करू. विभाग म्हणजे मी आणि साचेवाला. काळजीचं कारण नाही.

५ मार्च
घरीही आमचाच थर्मास आहे. आईच्या खोलीत, उशाशी. तिची बोटं संधिवाताने वाकली आहेत, गार पाण्याने घसा धरतो, आणि गॅसला हात लावायचा नाही असं बायकोने बजावलंय. आम्ही दोघं दिवसभर कामावर. म्हणून ही सकाळी गरम पाणी भरून ठेवते. मागे सैल झाकणाचा दिला होता. तो अंथरुणावर कलंडला आणि आईची मांडी पोळली. तेव्हापासून घट्ट झाकणाचा.

आईला शब्द दिला. म्हटलं, तुझ्या बोटांनी उघडेल आणि थेंब गळणार नाही असं झाकण मी करून देतो. आई म्हणाली, तू करशीलच रे. पहिला ग्राहक समाधानी.

८ मार्च
तक्ता काढला. चौकोनात पहिलंच तत्त्व: उलट करून बघा. अंगावर काटा आला. इतकी वर्षं झाकण वर लावतोय आपण! खाली का नाही?

साचेवाल्याला चित्र दाखवलं. त्याने कागद उलटा धरून बघितला. मग विचारलं, पाणी खाली पडतं हे धरलंय ना? ट्रेनरनी सांगितलंच होतं, जुन्या सवयीची माणसं विरोध करणार. सॅम्पल करायला लावलंच.

११ मार्च, दुपार
साहेबांच्या टेबलावर डेमो. टेबलावरचे कागद वाळत घातले आहेत. साहेब स्वतः फडकं घेऊन आले, ही जमेची बाजू. तत्त्व बरोबर होतं. टेबल चुकीचं होतं.

१४ मार्च
दुसरं तत्त्व: जे पुढे करायचंय ते थोडं आधीच करून ठेवा. म्हणजे झाकण कारखान्यातूनच थोडं उघडून पाठवायचं! माणसाला उरलेलंच उघडावं लागेल. साचेवाला म्हणाला, ह्याला आपण सैल झाकण म्हणतो.

त्याच्याशी बोलणं कमी करायचं ठरवलंय.

१७ मार्च
तिसरं तत्त्व: तुकडे करा. मोठ्या झाकणात एक छोटं झाकण. फार देखणं झालंय. आधी एक झाकण उघडत नव्हतं, आता दोन उघडत नाहीत. तरी दिशा बरोबर आहे.

छोट्या झाकणाला दोन्ही बाजूंनी कान बसवले, धरायला. घरी नेलं. आई म्हणाली, अगबाई, कान किती छान दिसतायत. तिला वापरायला दिलं. खरी चाचणी घरातच होते.

१८ मार्च, संध्याकाळ
निकाल अप्रतिम! सकाळी भरलेला थर्मास संध्याकाळी जसाच्या तसा भरलेला. गळती शून्य. पाणी अजून चांगलं कोमट. आईला विचारलं, झाकण कसं वाटलं? म्हणाली, छान आहे रे.

रिपोर्ट लिहायला बसलो. बायको मध्येच म्हणाली, भरलेला आहे म्हणजे त्यातलं पाणी कोणी प्यायलेलंच नाही. मी समजावलं, ग्राहकाची तहान हा वेगळा मुद्दा आहे, त्याचा झाकणाशी संबंध नाही. हिने कपाळावर हात मारला. उद्यापासून हिला पद्धतीची तोंडओळख करून द्यायची.

१९ मार्च
तोंडओळख जमली नाही. विरोधाभासापर्यंत पोचलो, तेवढ्यात ही म्हणाली की माझ्या आयुष्यात एक आहे तेवढा पुरे.

२१ मार्च
थर्मास पुन्हा भरलेला. आजही छान आहे असंच उत्तर. सलग इतके चांगले अभिप्राय कोणत्याच प्रॉडक्टला मिळाले नसतील.

डॉक्टर येऊन गेले. आईचे ओठ सुकलेत, पाणी फार कमी पडतंय म्हणाले. मी आईला नीट समजावलं की ह्या वयात पाणी पीत जावं, कंटाळा करू नये. तिने मान डोलावली. बायको उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी जरा जोरातच वाजली.

२४ मार्च
कानांचा आकार वाढवला. साचेवाला म्हणाला, एकदा त्या माउलीसमोर बसून बघा, ती कसं उघडते ते. मी म्हटलं, समोर बसलं की ग्राहकावर दडपण येतं आणि आकडे बिघडतात. तो म्हणाला, बरं. त्याच्या बरं म्हणण्यात काहीतरी असतं.

 

२७ मार्च
साहेबांनी सोमवारी शेवटची मीटिंग ठेवली आहे. इतर विभाग नेहमीसारखे आलेख आणतील. मी ग्राहकच घेऊन जाणार. आईला विचारलं, येशील ना माझ्या ऑफिसात? झाकण उघडून दाखवायचं, बस. ती थोडा वेळ हातांकडे बघत बसली. मग म्हणाली, तुला बरं वाटणार असेल तर येते की.

३० मार्च
घरी एकदा रंगीत तालीम करू म्हटलं. आई म्हणाली, कशाला उगाच, तिकडेच बघू. आत्मविश्वास म्हणतात तो हा. भाषण तयार आहे. शेवटी टाळ्यांसाठी थांबायचं.

३१ मार्च
लिहवत नाहीये. पण लिहितो.

आईने ठेवणीतले कपडे घातले होते. मीटिंगच्या खोलीत तिला मधल्या खुर्चीवर बसवलं. मी विरोधाभासापासून सुरुवात केली, तक्ता दाखवला, आणि थर्मास तिच्या मांडीवर दिला. सगळे बघत होते.

तिने आधी बोटांनी बघितलं. बोटं कानांवरून घसरली. मग तळव्यांनी. मग थर्मास गुडघ्यांत धरून पुन्हा तळव्यांनी. साहेब पुढे व्हायला लागले, तर मीच हात करून थांबवलं. म्हटलं, जमतंय तिला, रोज उघडते.  साचेवाला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

आईने थर्मास सरळ टेबलावर ठेवला. तिचे तळवे लाल झाले होते. साहेबांना म्हणाली, झाकण फार छान केलंय हो त्याने, पण मला आत्ता तहानच नाहीये. रात्रंदिवस ह्याच कामात असतो, फार मेहनती आहे.

साहेबांनी मान खाली घातली. टाळ्यांसाठी थांबायचा प्रश्नच आला नाही.

बाहेर पडताना पॅसेजमध्ये पिण्याच्या पाण्याचा नळ आहे. तिथे आई थांबली. मी पेला भरून दिला. गार आहे, घसा धरेल, म्हटलंसुद्धा. तिने एका दमात संपवला. आणखी दे म्हणाली. तोही संपवला. पाणी हनुवटीवरून ओघळत होतं आणि ती पीत होती. पेला मी धरला होता.

विचारलं, रोज दिवसभर असंच काढायचीस? ती म्हणाली, तू इतक्या हौसेने करत होतास रे.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुठलंही तत्त्व आठवलं नाही.

३ एप्रिल, दुपार
विभाग बंद. साचेवाल्याला उत्पादनात घेतलं. मला साहेब म्हणाले, सध्या घरीच थांबा, काही निघालं तर कळवू. वास्तविक कानांचा उतार बदलला असता तर जमलं असतं. वेळ कमी मिळाला.

आज पहिलाच दिवस घरी. ही सवयीने त्याच थर्मासात पाणी भरून कामावर गेली. थोड्या वेळाने आईने हाक मारली. म्हणाली, झाकण तेवढं उघडून देतोस? म्हटलं, हो, त्यात काय.

उघडेना. फडकं घेऊन पिळलं. कान धरून पिळलं. एक कान हातात आला. झाकण दाराच्या फटीत अडकवून थर्मास पिळून बघितला. आई म्हणाली, राहू दे, बोटं दुखतील तुझी. विचारलं, तहान लागलीय ना? ती म्हणाली, लागलीय.

शेवटी हिला ऑफिसात फोन लावला. सगळं ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, तुम्ही घरीच आहात ना आता? मग थर्मास कशाला हवाय? पातेल्यात पाणी तापवा आणि द्या त्यांना.

तापवलं. दिलं. आईने पेला दोन्ही तळव्यांत धरला, फुंकर मारत सगळं प्यायली आणि म्हणाली, तू घरी असतोस ते बरं झालं बाबा. मी आणखी पाणी तापायला ठेवलं.

गळती नाही, उघडायचा त्रास नाही, झाकणच नाही. ट्रेनर म्हणाले असते, ह्याहून आदर्श उत्तर असूच शकत नाही. उत्साहाने रिपोर्ट लिहायला घेतला. तारीख घातली, विषय घातला, आणि मग बसून राहिलो, कारण रिपोर्ट द्यायचा कोणाला ते कळेना.