वेअरकोमला कुणी विचारतंय

स्वॉनेज,
५ जून १९८३

चि. ऑड्रीस, ताईचे अ. आ.

मुलांचे फोटो पोचले. धाकटा थेट बाबांवर गेलाय, कानांसकट.

आमच्या चर्चच्या बायकांची सहल गेल्या शनिवारी झाली. सकाळी कॉर्फचा पडका किल्ला, मग एक जुना मठ. तिथे डोरीनचा पाय मुरगळला आणि दिवसभर तिने सगळ्यांकडून सेवा करून घेतली. शेवटचा मुक्काम कुठला सांगू? वेअरकोम. युद्ध संपलं की परत देतो म्हणून लष्कराने त्रेचाळीसच्या डिसेंबरात घेतलेलं आपलं गाव. परत दिलं नाहीच. आता तोफांचा सराव बंद असला की शनिवार-रविवारी लोकांना बघायला सोडतात. मी बसमधून उतरणारच नव्हते. पण ड्रायव्हर म्हणाला की आजी, एवढ्या लांब आलात, बघून तरी घ्या. काय बोलणार त्याला?

आपल्या घराला छप्पर उरलेलं नाही. चुलीपुढे कमरेएवढं गवत. बाहेर पाटी लावलीय, ‘स्क्विब कुटुंब, मच्छीमार’. आई जिथे बांगडे भाजायची तिथे उभं राहून लोक सँडविच खात होते.

आता खरी गोष्ट. लीड्सकडचं एक जोडपं तिथल्या रखवालदाराला विचारत होतं की खलाशाच्या वेषातला तो पोरगा तुम्ही नाटकासाठी ठेवलाय का. या घरातली माणसं कुठे गेली, असं त्याने त्यांना विचारलं म्हणे. रखवालदार म्हणाला, असा कुणीच आमच्याकडे नाही. बाई सांगत होती, तांबूस केस होते आणि डाव्या भुवईतून आरपार व्रण. मी तिथल्याच पडक्या भिंतीवर बसले. होडीची कडी लागून आपल्या क्लेमदादाची भुवई फुटली, तेव्हा तू पाळण्यात होतीस.

लगेच लिही.

तुझी,
हिल्डा


फ्रीमँटल,
२० जून १९८३

ती. हिल्डाताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून पहिला प्रश्न हा, की त्या सहलीत बायकांनी चहाच प्यायला ना? रागावू नकोस. खलाशाचा स्वेटर घातलेली पोरं डॉर्सेटच्या किनाऱ्यावर पैशाला पासरी मिळतात. व्रणही कुणाला असू शकतो.

क्लेमचं जहाज बुडून चाळीस वर्षं होतील. मला त्याचा चेहरासुद्धा आठवत नाही, हे तुला माहीत आहे. मला आठवते ती आई. तारेत ‘बेपत्ता’ लिहिलं होतं, ‘मृत’ नव्हे, या एका शब्दावर ती जगली. गाव सोडताना ती गाडीत बसेना. पोरगा आला तर आपल्याला शोधणार कसा, एवढंच म्हणत होती. स्वॉनेजला आल्यावरही फाटकाशी पाऊल वाजलं की तिची मान वर व्हायची. हातातलं काम तसंच राहायचं. ताई, मी इतक्या लांब लग्न करून आले ती त्या वर झालेल्या मानेपासून पळूनच. आता तिच्या जागी तू बसू नकोस. तिकडे पुन्हा जाऊ नकोस, एवढं ऐक.

मुलं मावशीला मुके पाठवतात.

तुझी लाडकी,
ऑड्री


स्वॉनेज,
११ जुलै १९८३

चि. ऑड्रीस, अ. आ.

तुझं ऐकलं नाही. दर शनिवारी वेअरकोमला जाते. येणाऱ्यांना माहिती सांगायला माणूस हवं होतं, मी नाव दिलं. शाळेत किती मुलं होती, विहिरीचं पाणी कसं लागायचं, सांगत असते. डोरीन रुसलीय, कारण आमचा शनिवारचा पत्त्यांचा डाव मोडला. मी बारीक झाले असंही तिचं म्हणणं आहे.

तो आहे, ऑड्री. पूल गावच्या एका शिक्षिकेने सांगितलं. मग एका डच म्हाताऱ्याने. प्रश्न तोच, या घरातली माणसं कुठे गेली. लोक माहीत नाही म्हणतात, तो मान हलवतो आणि परसाकडे निघून जातो. मी धावत परसात जाते. तिथे ओल्या लोकरीचा वास असतो, बाकी काही नाही.

परक्यांशी बोलतो, आणि मी इथे हाकेच्या अंतरावर उभी. पहिल्यांदा मला रागच आला त्याचा. मग वाटलं, तो दोन वेण्यांची चौदा वर्षांची हिल्डा शोधत असणार. पांढऱ्या केसांची बाई दिसली की आणखी एक प्रवासी म्हणून पुढे जात असेल.

जपून राहा.

तुझी,
हिल्डाताई


फ्रीमँटल,
२८ जुलै १९८३

ती. ताईस, सा. न.

पत्र पडवीत बसून वाचलं, मग नवऱ्याला वाचून दाखवलं, मग पुन्हा एकटीने वाचलं. माझा विश्वास नाही. अजूनही नाही. पण एखादा माणूस इतकी वर्षं एकच गोष्ट विचारतोय आणि जो तो माहीत नाही म्हणतो, हे काही बरं नाही. तुला तर माहीत आहे. मग तू सांगत का नाहीस?

त्याला सांग, आई गेली. कुठे पुरलंय तेही सांग. आणि जमलं तर सांग की ऑड्रीला दोन मुलगे आहेत.

ऑड्री


स्वॉनेज,
४ सप्टेंबर १९८३

चि. ऑड्रीस, ताईचे अ. आ. मुलांना गोड पापा.

तू म्हणालीस तसं केलं. शेवटची बस भरत होती, तेव्हा मी आपल्या स्वयंपाकघरात उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, “क्लेम, आई स्वॉनेजला आहे. चर्चच्या मागे, समुद्राकडच्या भिंतीशी, बाबांच्या शेजारी. ऑड्रीला दोन मुलगे झाले. आणि मी हिल्डा रे. दिसत नसले तरी मीच आहे.” काही झालं नाही. वाऱ्याने गवत हललं तेवढंच. बसमध्ये तोंड खिडकीकडे करून बसले.

त्यानंतरच्या मंगळवारी डोरीन आली. चर्चमध्ये फुलं लावायला ती जाते ना. तिला एक पोरगा भेटला म्हणे, नखशिखांत भिजलेला. मिसेस स्क्विब यांची कबर कुठे, असं अदबीने विचारत होता. बाहेर लख्ख ऊन. कपड्यांसकट समुद्रात उतरला असणार म्हणून डोरीनने त्याला झापलं, कबर दाखवली आणि टॉवेल आणायला गेली. परत येते तो कुणी नाही. पण आईच्या कबरीशेजारचं गवत दबलेलं होतं, कुणी बराच वेळ टेकून बसल्यासारखं, आणि ओलं. तुझा भाचा का गं, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, भाऊ. डोरीन माझ्या केसांकडे बघत राहिली.

तेव्हापासून वेअरकोमला कुणालाच कुणी काही विचारलेलं नाही. मी जाते. परसातही जाऊन येते. तिथे आता गवताचा वास येतो, गवताचाच.

त्याला आई सापडली, मला याचा आनंद आहे. मनापासून आहे. तरी काल परतताना डोळे थांबेनात. तो डोरीनशीसुद्धा बोलला गं, माझ्याशी नाही बोलला. काल एका बाईने मला आपल्या जुन्या घराच्या दारात उभं करून फोटो काढला, छान जागा आहे म्हणाली. मी वळून पाहिलं. चार भिंती, एक पाटी. इतकी वर्षं छप्पर नव्हतं तरी ते आपलं घर होतं. काल पहिल्यांदा ते मला बघण्यासारखं ठिकाण वाटलं.

मुलांना त्यांच्या मामाचं नाव सांग. आता आपण दोघीच उरलो, तेव्हा लोभ जरा जास्तच असू दे.

तुझी,
हिल्डाताई