पिवळ्या ठिपक्याची खूण

तीर्थरूप मामांस,

लांबूनच पायांवर डोकं. (जवळ असतो तर तुम्ही तेच डोकं तपासायला घेतलं असतं.) गुडघा कसा आहे? मामींचा राग उतरला का? माझ्यावरचा नव्हे, तो कायमचा. तुमच्यावरचा, त्यांची कपडे वाळत घालायची दोरी जमीन मोजायला नेल्याबद्दलचा. मोजणीदार निवृत्त होतो, मोजणी होत नाही, असं त्यांना माझ्याकडून सांगा. किंवा राहू द्या.

मी कॉलेज अर्ध्यात का सोडलं ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या आकृतीवर सरांनी लाल पेनानं ‘अंदाजे’ असा शेरा मारला. अंदाजे! मी वही तिथंच टाकली आणि बाहेर पडलो (छत्री वर्गातच राहिली, पण परत जाणं शोभलं नसतं). हल्ली मी पळणाऱ्यांच्या एका क्लबात महिन्याच्या बोलीवर आहे. इथं लोक नकाशा बघत पळतात. नकाशावर दहा खुणा असतात, जमिनीवर मात्र ना झेंडा ना खुंटी. जागेवर पोचलं की खिशातला फोन टुणकन वाजतो, नाही पोचलं तर गप्प. या न दिसणाऱ्या खुणा कॉम्प्युटरवर अचूक रोवणं हे माझं काम. आधी क्लबचा नकाशा आकाशातून काढलेल्या फोटोवर चपखल बसवायचा, मग खुणा रोवायच्या. नकाशा सरकला की सगळ्या खुणा सरकल्या. रविवारची शर्यत बिनचूक झाली तर नोकरी पक्की, असं अध्यक्षांनी सांगितलं होतं. (त्यांना सगळे सेनापती म्हणतात.)

आता इथं वाचनालय येतं. तिथं ती पुस्तकं देते-घेते. (नाव लिहीत नाही, पत्र मामी आधी फोडतात.) तिची पिवळी स्कूटर रोज फाटकाशी उभी असते. फोटोत ते फाटक झाडीखाली गडप झालेलं, पण जरा पलीकडे एक पिवळा ठिपका! मामा, काळजात टुण् झालं. जिथं स्कूटर तिथं फाटक, असं म्हणून मी नकाशातलं फाटक ओढून त्या ठिपक्यावर नेऊन ठेवलं. रस्ते जुळेनात, पण मला वाटलं, रस्तेच चुकले असतील.

रविवारी पन्नास माणसं सुटली. तिसरी खूण वाचनालयासमोरच्या बाकाची. लोक बाकावर बसले, उठले, एकानं तर वर चढून उडी मारली, फोन मुके. मग चाळीस पावलांवर कुणाचा तरी वाजला आणि सगळी झुंड वळली ती थेट चष्म्याच्या दुकानात. आत एक आजोबा भिंतीवरची अक्षरं वाचत होते. त्यांना शेवटची ओळ येईना, ती सगळ्यांनी मिळून धापा टाकत वाचून दाखवली. दुकानदार (हे तिचे वडील, माझं नशीब बघा) ओरडले, “डोळे तपासायचेत का कुणाचे?” सेनापतींनी माझ्याकडे बोट केलं, “ह्याचे!” पुलावरची पाचवी खूण तळ्यात गेली होती. सेनापती नियमाचे पक्के. फोन डोक्यावर धरून कमरेइतक्या पाण्यात उतरले. वाजला मात्र.

मी जाम भडकलो. उपग्रहाला, फोनला, तळ्याला, सगळ्यांना बोल लावले. राजीनामाही लिहिला (दोन ओळी, दुसरीत शुद्धलेखन चुकलं म्हणून फाडला). सेनापती पँट पिळत म्हणाले, “बाळा, खुणा रोवल्यास की पेरल्यास?” तेवढ्यात गलका ऐकून ती आली. स्क्रीन बघून म्हणाली, “नकाशा कशावर बसवलास?” खोटं सुचेना. म्हटलं, “तुझ्या स्कूटरवर.” अख्ख्या क्लबासमोर! ती म्हणाली, “फोटो चार वर्षांपूर्वीचा आहे. स्कूटर मी गेल्या वर्षी घेतली. हा ठिपका म्हणजे बाबांच्या दुकानाबाहेरची कचरापेटी आहे.”

मामा, महिनाभर मी रोज तो ठिपका मोठा करून बघत होतो. धरणी दुभंगली नाही. दुभंगली असती तरी चाळीस पावलं पलीकडे. तुम्ही जन्मभर सांगत आलात, “मोजणीत आधी हलत नाही ते धर.” मी नेमकी चाकं धरली. सेनापतींनी आणखी एक रविवार दिलाय. तेव्हा तुमची जुनी टेप घेऊन या आणि भाच्याची लाज राखा.

तुमचा तापट,
भाचा

ता. क. मामी, इथून पुढचं वाचू नका. मामा, टेप विसरलात तरी चालेल, चष्मा तेवढा फोडून आणा. नवा त्याच दुकानात करू. ते तुमच्या डोळ्यात दिवा धरतील तेव्हा सहज म्हणा, भाचा तापट आहे, पण मनानं सरळ आहे. (तेव्हाच म्हणा. डोळे दिपलेल्या माणसाचं खोटं पकडता येत नाही.)

आणखी एक ता. क. पत्र बंद करणार तोच ती आली. दोघांनी मिळून नकाशा वाचनालयाच्या पायरीवर बसवला. रस्ते आपोआप जुळले. मी विचारलं, “पक्की खूण म्हणून आणखी काय धरू?” म्हणाली, “पाचला मी फाटक लावते. रोज.” आणि उगीचच थांबली. आता याचा अर्थ मी लावला तो अचूक की अंदाजे, तेवढं कळवा. उत्तर येईपर्यंत रोज साडेचारपासून फाटकाशी उभा आहे. हलणार नाही.