कायमचा पत्ता

सोमवार, १ मार्च २००४
संकल्प : आजपासून उल्लाच्या एकाही मेलला उत्तर द्यायचं नाही. दोन वर्षं गटाच्या नियमांचा मसुदा मी सांभाळतोय. येत्या १२ तारखेला ऑर्हूसच्या बैठकीत तो मंजूर झाला, की पहिल्या पानावर संपादक म्हणून माझं नाव. नाही झाला, तर उल्लाचा मसुदा आणि उल्लाचं नाव. हा विचारच नको.

सोमवार, दुपारी
उल्लाला तीन उत्तरं पाठवली. तिसरं संयमी होतं.

बुधवार, ३ मार्च
बायकोला चौथ्यांदा समजावलं. साइटवर नवा लेख टाकला की तो वाचकांच्या कॉम्प्युटरवर आपोआप जाऊन पडतो, त्याला फीड म्हणतात. साऱ्या जगाला चालतील असे त्याचे नियम आमचा गट लिहितो. भांडण एवढंच : लेख जुना की नवा, हे कॉम्प्युटरने ओळखायचं कशावरून? मी म्हणतो, लेखाच्या पत्त्यावरून. उल्ला म्हणते, पत्ते बदलतात. प्रत्येक लेखाला जन्मभराचा वेगळा क्रमांक द्या.
लिस्बेट म्हणाली, बदलतातच की रे. मी म्हटलं, गबाळ्यांचे बदलतात. ती म्हणाली, तुझ्या मोज्यांचा पत्ता ठरला की मला कळव.

सोमवार, ८ मार्च
अध्यक्ष टोर्बेनचा फोन. म्हणाला, प्रेबेन, तुझ्या बाजूने माणसं आहेत, पण आवाज पातळ आहे.
आमच्यात मत द्यायला हात वर करत नाहीत. पटलं त्याने तोंड मिटून हंऽऽ करायचं. कोणी केलं ते कळू नये, आवाज किती तेवढा कळावा. आंघोळ करताना सराव केला. माझा एकट्याचा सहा जणांएवढा भरतो.
झोप उडालीय. वजन उतरतंय, हा फायदा.

बुधवार, १० मार्च
धोका! माझ्याच साइटच्या पत्त्यात जुन्या नोकरीचं नाव आहे. उल्ला भर बैठकीत दाखवणार, हा बघा गबाळा. उद्या सगळं स्वतःच्या नावाच्या सुटसुटीत पत्त्यावर हलवायचं. माणसाने टापटीप शिकवावी ती आचरणातून.

गुरुवार, ११ मार्च, सकाळी ९.१०
हलवलं. अकरा मिनिटांत. देखणं दिसतंय.

९.३०
टोर्बेनचा फोन. म्हणाला, अरे, तुझे ११४३ नवे लेख आलेत. जेवतोस तरी कधी?

९.३५
पत्ते बदलले म्हणून सगळे जुने लेख नवे ठरले. सगळ्यांकडे. किरकोळ अडचण.

९.५०
परत बोलावता येत नाहीत.

१०.१५
ऑफिसातून लिस्बेट. तिच्या आईला माझा ‘सासूबाईंचे हेरिंग मासे : तांत्रिक चिकित्सा’ हा लेख मिळालाय. २००२ चा. त्याची माफी मागायला मला दोन नाताळ लागले होते. आई एवढंच म्हणाल्या म्हणे : परत?

११.००
उल्लाची मेल. एकच ओळ : प्रेबेन, तुझा जुना ४१२वा लेख अगदी पटला.
उघडला. २००१. “पत्त्यावर विसंबणाऱ्याने हा धंदा सोडून कोबी पिकवावा.”
तेव्हा मी लहान होतो. बेचाळीसचा.

शुक्रवार, १२ मार्च
गटाचा रिवाज : ज्याने इतरांचे कॉम्प्युटर तुंबवले त्याने केक आणायचा. मी दोन नेले. खाल्लेली माणसं कृतज्ञ असतात.
टोर्बेनने विचारलं, पत्ता पुरेसा आहे असं कोणाला वाटतं? मी जीव ओतून हंऽऽ केलं. माझ्या बाजूने आणखी फक्त फ्रिज होता. कोणी केलं ते कळू नये अशी पद्धत आहे. सगळे माझ्याकडे बघत होते.
मग उल्लाचा मसुदा. कपातल्या कॉफीवर तरंग उठले. आणि सगळ्यांच्या तोंडात माझा केक.

बुधवार, २ जून
नियमावली आज प्रसिद्ध झाली. संपादक उल्ला. पण मीही आहे! पान ३१, ‘टाळण्याजोग्या चुका’. माझा जुना पत्ता, शेजारी नवा, नावासकट.
लिस्बेटला दाखवलं. तिने विचारलं, हे किती दिवस राहणार?
म्हटलं, प्रसिद्ध झाल्यावर यातलं अक्षरही हलत नाही. कायमचं.