पाखट आणि ढोकरी

९ जानेवारी, धुळे

आजही नाहीच. अर्धांगाच्या झटक्यापासून ह्यांच्या तोंडून एक शब्द नाही. डॉक्टर म्हणतात, "आत किती समजतंय, सांगता येत नाही." जळगावहून भूपेंद्र आला होता. म्हणाला, "आई, पप्पा आता आत नाहीत." बापाच्या तोंडावर!

१२ जानेवारी

हे कॉलेजात शिकवायचे ते प्राणिशास्त्राचं पुस्तक घेऊन मी ह्यांच्याजवळ बसले. कॉन्व्हेंटात सिस्टर फिलोमिना तुलना शिकवायच्या – पानाच्या मधोमध रेघ, दोन्ही बाजूंना एकेक. तशीच मोठ्यानं करत होते. विजेची पाखट – समुद्रातला चपटा मासा, वाळूत दडून राहणारा. आपली ढोकरी – चिखलाच्या रंगाचा बगळा, काठावर बसला तर दिसतही नाही. दोघी गप्प. दोघींना मासे हवेत! एक विजेच्या धक्क्यानं धरते, दुसरी चोचीनं.

लग्नानंतर भडगावला, गिरणेकाठी ढोकरी उडाली की हे ओरडायचे – "बघ, पांढरी झाली!" मिटल्या पंखांत एवढं पांढरं असतं, मला काय माहीत!

वाचता वाचता मी चुकून म्हणाले, "दोघी अंडी घालतात."

"पिल्लं!"

ह्यांचा आवाज! पाखटीला पिल्लंच होतात. दुसऱ्याची चूक ह्या माणसाला कधी सहन झाली नाही – देवा, तुझे उपकार!

१३ जानेवारी

आज मी मुद्दाम चुकले. "पाखटीची वीज शेपटीत."

डावा हात हळूहळू वर गेला. स्वतःच्या डोक्याच्या बाजूला टेकला. "इथं."

मी पदर तोंडात धरला.

१७ जानेवारी

रोज नवी चूक शोधते. "ढोकरी पोहून मासे धरते."

"उभी!"

शेजारची झुंबरबाई खिडकीतून – "काय व अक्का, मासा नि बगळानं लगीन लाई ऱ्हायनी का?" किती दिवसांनी हसले मी!

भूपेंद्रला फोन केला. तो म्हणाला, "पाठांतर आहे गं ते. जन्मभर तेच शिकवलं त्यांनी." फोन ठेवल्यापासून कशात लक्ष नाही. खरंच नुसतं पाठांतर? मग माझ्याशी कोण बोलतंय?

१८ जानेवारी

"ढोकरीचं पुस्तकातलं नाव काय हो? मला आठवेना." आठवत होतं, तरी विचारलं.

ह्यांनी चित्राकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत राहिले.

"वंचक." म्हणजे फसवणारी.

मग पुस्तक मिटलं, माझ्याकडे बोट केलं, आणि ओठांच्या एका कोपऱ्यातून हसले –

"तू पण!"