न रडलेल्यांची वही

नर्सेस क्वार्टर्स, टेंभी नाका, ठाणे
१४ जानेवारी १९९१

ती. आवडाआत्यास,
रतनचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

दामाजीदादाबरोबर पिशवी पाठवली आहे. उघडायच्या आधी हे वाच, नाहीतर तू आतली वस्तू देव्हाऱ्यात ठेवून मोकळी होशील. आत एक रबरी मास्क आहे, त्याला वीतभर नळी आणि आपण तोंडात धरायची तोटी. मूल जन्मून रडलं नाही तर यापुढे त्याच्यात जीव यावा म्हणून नाळेसकट वार तव्यावर तापवत बसायचं नाही. नाळ कापायची, बाळाच्या तोंडातला चिकटा पुसायचा, मास्क नाकातोंडावर दाबून बसवायचा आणि नळीतून फुंकायचं. गालात मावेल तेवढीच हवा हं, चूल फुंकतेस तशी नाही. बाळाची छाती वर आली पाहिजे.

हे आमच्या डॉक्टर कर्णिकबाईंचं संशोधन आहे. आमच्याकडे एवढ्याशा बाळांना श्वास द्यायचं यंत्र एकच, तेही महिन्यातले पंधरा दिवस बंद. घरी बाळंतपणं करणाऱ्या सुइणींच्या हातात ही नळी दिली तर किती मुलं वाचतात, ते बाईंना बघायचंय. दिव्यापासून टिटवाळ्यापर्यंत चौदा सुइणी घेतल्या, त्यात तुझं नाव मीच घुसवलं. सोबत वही आहे. तारीख, आई, बाळाचं वजन, आपणहून रडलं की फुंकावं लागलं, पुढे काय झालं, आणि शेवटच्या रकान्यात बाळाचं नाव. वजन हातावर सांग. आयुष्यभर मासळी हातात धरून किलो सांगितलेस, तुझ्या हातावर बाईंचाही विश्वास बसला आहे. महिना संपला की पानं पोस्टाने पाठव आणि त्याबरोबर पत्रही. नुसती पानं आली तर मी रुसेन.

तुझी,
रतन


कोळीवाडा, डोंबिवली पश्चिम
२ मार्च १९९१

चि. रतन हिस आवडाआत्याचे पोटभर आशीर्वाद.

चौथीच्या पुढे शाळेची पायरी चढले नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. डोंबिवली-ठाणे हाकेच्या अंतरावर आणि आपण टपाल खेळतोय, म्हणून दामाजी हसतो. तुझा भाऊ तो, त्याला हसण्याशिवाय काय येतं?

मीराबाईच्या सुनेला मुलगा झाला. हाताला तीन किलोला जरा कमी. मेला अगदी निळा पडलेला, हूं नाही की चूं नाही. तुझं टोपण लावलं आणि फुंकत राहिले. दहा-बारा फुंकांनी पोट हललं आणि मग असं भोकाड पसरलं की मीराबाई माझ्या गळ्यातच पडली. अगं, तीस वर्षं मी वार तापवत बसले. कुणी आधी का नाही सांगितलं? त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

बाकीचे सगळे आपणहून रडले, ते पानावर आहे. लिहिण्यासारखं तेवढंच. येशील तेव्हा खडेमीठ आण, घरातलं संपलं.

वहीपेक्षा जिवाला जप.
आवडाआत्या


ठाणे
२० जून १९९१

ती. आत्यास रतनचा नमस्कार. वि. वि.

मिरव आता! चौदा सुइणींत तुझी वही पहिली. सव्वीस बाळंतपणं, पाच बाळांना फुंकावं लागलं, पाचही रडली. गेलेलं एकही नाही. बाईंनी मला दोनदा विचारलं की एकसुद्धा नाही, हे खरं का. मी सांगितलं की माझी आत्या भांडेल, शिव्या देईल, पण खोटं लिहायची नाही. बाई ऑक्टोबरात हे सगळं दिल्लीला मांडणार आहेत. तिथे पटलं तर हाच मास्क आणखी चार जिल्ह्यांत जाईल.

आणि कांतावहिनीला दिवस राहिले हे तुम्ही मला दादाच्या तोंडून कळवता? आठ वर्षांनी घरात पाळणा हलणार आणि मला कुणी विचारत नाही! बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, तो मी सोडणार नाही. नाव ठरवलं आहे, बाळाच्या कानातच सांगेन. माझं नाव तरी तू कुणाला विचारून ठेवलं होतंस?

दरवेळी मीठ कसलं मागतेस? वैशाखात दोन किलो दिलं, परवा दादा पुन्हा घेऊन गेला. एवढी सुकी मासळी करतेस तर एक पुडी इकडे पाठव की.

लोभ आहेच, मासळीही येऊ दे.
रतन


कोळीवाडा
१० सप्टेंबर १९९१

चि. रतनला आशीर्वाद.

कांताचं पोट मला लहान वाटतं. सहावा लागला, पण अंगावर मूठभर मांस नाही. पाय सुजतात. मी म्हणत होते, तुमच्याकडे ठाण्याला तिला आधीपासून ठेवून घेता येईल का? तुझी ओळख आहे, कोपऱ्यात एक खाट मिळाली तरी चालेल. दामाजी म्हणतो, घरात आवडाआत्या असताना इस्पितळ कशाला. सगळा वाडा हेच म्हणतो. मला मात्र धीर होत नाही.

तुझं टोपण मोठ्या अंगाच्या पोरांना बेस आहे. एवढंच लिहिते, बाकी समजून घे. मीठ मी इथूनच आणवलं.

आवडाआत्या


ठाणे
१६ सप्टेंबर १९९१

ती. आत्यास नमस्कार.

तू कधीपासून घाबरायला लागलीस? आमच्या वॉर्डात एका पाळण्यात दोन-दोन बाळं आहेत, एकाचा जंतू दुसऱ्याला. गेल्या आठवड्यात चार गेली. यंत्र पुन्हा बंद. अशा ठिकाणी वहिनीला आणून काय करू? तुझ्या वहीत एकही बाळ गेलं नाही आणि आमच्या रजिस्टरात दिवसाआड एक. हिशेब तूच कर. मी डोळे मिटून तुझ्यावर सोडते. वहिनीला नाचणीचं सत्त्व दे आणि पाय उशीवर ठेवायला सांग.

काळजी सोड आणि दुपटी शिवायला घे.
रतन


कोळीवाडा
२० ऑक्टोबर १९९१

चि. रतन,

दामाजीने तुला मेलेली जन्मली असा निरोप दिला. तो खोटा आहे. दसऱ्याच्या आदल्या दुपारी कांताला कळा आल्या, सातवाही पुरा नव्हता. मुलगी झाली. हाताला सव्वा किलो. रडली नाही, पण छातीवर बोट ठेवलं तर आत धडधड होती. मी टोपण लावलं. ते तिच्या हनुवटीच्या खाली उतरत होतं, डोळ्यांवर चढत होतं. मी फुंकायची आणि ती हवा बाजूने निघून माझ्याच गालाला लागायची. हाताने दाबून पाहिलं, फडकं गुंडाळून पाहिलं. छाती एकदाही वर आली नाही. धडधड बराच वेळ होती गं रतन. मग थांबली.

आता सगळं सांगते. ही सातवी. आधीची सहा मी वहीत लिहिली नाहीत. जे रडलंच नाही त्याचं आपल्यात सुतक नाही, बारसं नाही, कुणी त्याचं नावही काढत नाही. काढलं तर ते त्याच कुशीत परत येतं आणि पुन्हा तसंच जातं, असं माझ्या सासूने शिकवलेलं. खाडीकाठी खड्डा करायचा, खाली-वर मीठ घालायचं आणि मागे न बघता यायचं. वहीत लिहायचं तर त्या आयांचं वाईट मी माझ्या हाताने केलं असतं. तुझं मीठ तिकडे गेलं. सुकी मासळी यंदा मी केलीच नाही.

सातही लहानखुरी होती, दीड किलोच्या आतली. एकालाही टोपण बसलं नाही. मला तुला सांगायला हवं होतं. पण तू पहिली वही, पहिली वही म्हणून नाचत होतीस आणि मला तोंड उघडवेना. कांता भिंतीकडे तोंड करून पडली आहे.

आवडाआत्या


ठाणे
१२ नोव्हेंबर १९९१

ती. आत्यास,

तुझं पत्र घेऊन कर्णिकबाईंकडे गेले. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग मास्क काढून वॉर्डातल्या सर्वात लहान बाळाच्या तोंडावर धरला. तो हनुवटीच्या खाली उतरला. आम्ही दोघींनी रोज ती बाळं पाहिली होती, पण त्यांच्यावर तो मास्क कधी धरून पाहिला नव्हता. साचा मोठ्या बाळाच्या मापाचा होता.

बाकीच्यांना विचारून आले. दिव्याच्या जनीने मान खाली घातली. टिटवाळ्याची चंद्रभागाबाई रडायलाच लागली. तिच्याकडची नऊ. चौदांपैकी एकीनेही न रडलेलं मूल लिहिलं नव्हतं. आम्ही एवढे रकाने आखले, पण तुमच्याकडे येऊन कुणी बसलं नाही.

बाईंनी दिल्लीला लगेच कळवलं. उत्तर आलं की जे त्या वेळी नोंदलं नाही ते आता आठवणीने सांगितलेलं धरता येत नाही. अहवाल मंजूर झालाय, त्याच साच्याचे दोनशे मास्क निघालेसुद्धा. लहान माप करायला पैसा हवा, पैशाला पुरावा हवा, आणि पुरावा खाडीकाठी. बाईंची डिसेंबरात बदली आहे. त्या म्हणाल्या की तुझ्या आत्याने तरी नव्या वहीत लिहीत राहावं. वही पाठवते आहे, पण ती वाचणारं इथे कुणी उरणार नाही.

आत्या, वहिनीला ठाण्याला आण असं तू म्हणाली होतीस. मी नको म्हटलं. इथे ती वाचली असती असंही नाही. पण मी नको म्हटलं, आणि तेही तुझ्या वहीचा दाखला देऊन. दादासमोर कुठल्या तोंडाने येऊ?

रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस.
रतन


कोळीवाडा
१ डिसेंबर १९९१

चि. रतनला आशीर्वाद, आधी होते तेवढेच.

तोंड लपवू नकोस. तू नको म्हटलंस आणि मी गप्प बसले, दोघींचं सारखंच. दामाजी तुझी वाट बघतो, बोलत नाही इतकंच.

नव्या वहीत सातही लिहिली. सहा आयांना घरोघरी जाऊन विचारलं. दोघींनी दार लावून घेतलं, त्यांच्या ओळीत नुसतं वजन आहे. कांताला मी विचारणार नव्हते. तिने आपणहून वही मागितली, आपली ओळ शोधली आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे नाव हवं म्हणाली. मी सांगितलं, पोरी, नाव काढलं तर परत येते. ती म्हणाली, येऊ दे.

तो मान तुझा, म्हणून जागा कोरी ठेवली आहे. जे ठरवलं होतंस ते तुझ्या अक्षरात लिही आणि वही परत पाठव. टोपण मी धुऊन, पुसून ठेवलं आहे, तेच एक आहे. कांताने येऊ दे म्हटलं. पण ती खरंच परत आली, तेवढीच आली, तर मी तिला कशाने फुंकू, तेही लिही.

उत्तराची वाट बघणारी,
आवडाआत्या