हाताला दाखवलेली वाट

प्रिय दादा,

जय भीम.

आज सकाळी वंदना आटोपली आणि तुमच्या खाटेपासून माठापर्यंत ताणलेली, विटांचा थर सरळ ठेवायची तुमची लाईनदोरी मी सोडली. तुम्ही गेल्यापासून ती तशीच होती. सुनंदा रोज वाकून तिच्याखालून झाडायची, पण "काढा" असं तुमची सून एकदाही म्हणाली नाही. गाठ मात्र काय मारली होती तुम्ही! शेवटी दातांनी सोडवली. ही दोरी मी कुठे नेली, ते तुम्हाला सांगायला नको का? म्हणून हे पत्र.

दादा, आम्हाला आधी का नाही सांगितलंत? विटेकडे गेलेला हात विटेशेजारी पडतो, थापी घमेल्याबाहेर आपटते, हे सगळं तुम्ही लपवत राहिलात. आम्हाला कळलं ते पौर्णिमेला, विहारात. पेटती काडी तुमच्या हातात आणि मेणबत्ती समोर, तरी काडी वातीच्या बाजूला हवेतच जळत राहिली. मागून कुणीतरी कुजबुजलं, "गवंड्यानं पुन्हा सुरू केली वाटतं."

तरुणपणी सोडलेली दारू! अख्ख्या वस्तीकडून पंचशील म्हणवून घेणारे तुम्ही. त्या दिवसापासून तुम्ही विहारात पुढे बसणं सोडलंत. बोधिवृक्षाच्या कट्ट्याचं काम अंगावर घेतलं होतं, तेही थांबलं. तुमच्या नावाला लागलेला तो डाग मला झोपू देत नव्हता.

डोळे तपासले, तर सगळ्यात खालची ओळसुद्धा तुम्हाला दिसत होती. मग नेकनूरहून एसटी धरून बीडला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "बाबा, माझ्या नाकाकडे बघत राहा आणि हा बाजूचा पेन धरा." तुमचा हात पेनाच्या पलीकडे गेला. सरळ पेनाकडे बघायला सांगितलं, तेव्हा चाचपडत का होईना, सापडला. मग म्हणाले, "आता डोळे मिटून स्वतःचा कान धरा." तो मात्र पहिल्या झटक्यात! तुम्ही म्हणालात, "कान शाळेपासून धरतोय, डॉक्टर. वीट कामून सापडंना, ते सांगा."

मेंदूचे फोटो बघून त्यांनी सांगितलं. मेंदूला छोटासा झटका येऊन गेला होता. डोळ्याला दिसतं, हातातही ताकद आहे, पण डोळ्याने पाहिलेली जागा हातापर्यंत नीट पोचत नाही. ऑप्टिक अटॅक्सिया म्हणतात याला. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "म्हंजे ही दारू न्हाई ना?"

"नाही हो बाबा."

"मग जरा मोठ्यानं सांगा. आमचा अशोक गावात सांगंल."

सांगितलं, दादा. पुढच्याच पौर्णिमेला विहारात उभा राहून सगळ्यांना सांगितलं.

हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी पुढची वाट दाखवली. वस्तू रोज एकाच जागी ठेवायची. जी घ्यायची, तिच्याकडे सरळ बघायचं. हात हवेतून न्यायचा नाही, टेबलाच्या कडेवरून सरकवत न्यायचा. तुम्ही खुदकन हसलात. "म्हंजे दोरी लावायची की! ह्ये तर आमचंच काम हाय."

घरी येऊन तुम्ही दोरी ताणून घेतलीत. सुनंदा म्हणाली, "दादा, घरात बांधकाम काढलं का काय?"

"हाताला वाट दावतोय, सूनबाई. तू फकस्त तांब्या हलवू नको."

किती वेळा पाणी सांडलं! मी तांब्या द्यायला उठलो की तुम्ही खेकसायचात, "बस बे खाली." आणि एका दुपारी दोरीवरून बोटं सरकत गेली, तांब्या हाती आला, तुम्ही पाणी प्यायलात आणि मिशा पुसल्यात.

मग तुम्ही कट्ट्यावर परतलात. विटांचा ढीग डाव्या गुडघ्याशी, घमेलं उजवीकडे. प्रत्येक विटेकडे आधी टक लावून बघायचं, मग हात. पूर्वी ज्या वेळात भिंत उभी राहायची, त्या वेळात आता जेमतेम एक थर. तो एक थर पुरा करूनच तुम्ही गेलात.

तुमच्या हाताखाली तयार झालेला कचरू काम पुढे न्यायला आला. आधी त्याने तुमच्या थरावर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध, थर अगदी सपाट! तो खालीच बसला. म्हणाला, "अशोकभाऊ, आमचे चांगले हात असून आमाला असं जमत न्हाई."

दादा, तुमच्या त्या थरावर गिलावा चढू देणार नाही, हा माझा शब्द. येणाऱ्या-जाणाऱ्याला तुमच्या विटा दिसल्या पाहिजेत. आणि दर पौर्णिमेची पहिली मेणबत्ती तिथेच लावीन.

तुम्ही मला कधी थापीला हात लावू दिला नाही. "तू कचेरीत बस," म्हणायचात. थापी धरायचं कितीदा ठरवलं आणि कितीदा मागे सरलो! आज मात्र कचेरीत रजा टाकली, घरची दोरी कट्ट्यावर नेली आणि तुमच्या थराच्या वर ताणली. कचरू शेजारी उभा राहून ओरडत होता, मी चुकत होतो. पण दुसऱ्या थराची पहिली वीट मी माझ्या हाताने बसवली.

तुमचा,
अशोक