पाणी कसं आहे?

३ मार्च, मंगळवार

उघडला मासेमारीचा हंगाम! पाणी सहा अंश, पुलाच्या खुणेपेक्षा वीतभर वर, रंग फिक्या चहाचा. चालेल. वारा मात्र पूर्वेचा, मेला हाडात शिरतो.

बर्मिंगहॅमचे दोन पाहुणे. एकाने पहिल्याच फेकीत माझी गळावर बांधलेली पिसांची माशी झाडात अडकवली, दुसऱ्याने माझ्या टोपीत. सेल्विन गंभीरपणे म्हणतो, "आजचा सगळ्यात मोठा मासा हाच. मोजून घेऊ या का, तेग?" एकवीस वर्षं आम्ही दोघं या नदीवर पाहुणे नेतोय आणि हा माणूस मला अजून हसवतो. नवरा असता तर एव्हाना थकला असता.

दुपारी एक वाजता खरी तपकिरी माशी पाण्यावर आली. मार्चची पहिली! मोजून अकरा मिनिटं. ट्राउट मासे वर आले, गपागपा जेवले, गेले. पाहुणे तेव्हा सँडविच खात होते.

८ मार्च, रविवार

बाबांकडे, वृद्धाश्रमात. रॉन्वेन नर्सने त्यांना खिडकीशी बसवलं होतं. नमस्कार नाही, चमत्कार नाही — "पाणी कसं आहे?"

"चढलंय, बाबा. गढूळ आहे."

"अजून?"

"हा आठवडा तसंच राहणार म्हणतात."

अर्ध्या बोटाने काचेवर टकटक करत बसले. उजवी तर्जनी लाकडाच्या गिरणीत गेली, मी जन्मायच्या आधी. मग म्हणाले, "बरं. पुढच्या आठवड्यात बघू."

पाणी छान आहे. कालच सगळं निवळलं. हे तिसरं वर्ष मी हेच खोटं सांगतेय. त्याआधी बाबा नदीत पडले, न्यूमोनिया झाला, डॉक्टर म्हणाले, परत थंडीत नेलंत तर माझ्याकडे आणू नका. 'नाही' म्हटलं की बाबा भांडतात, 'गढूळ' म्हटलं की गप्प बसतात. मी तरी काय करू! खरं तर त्यांचाच नियम: "माशाच्या लांबीबद्दल खुशाल थापा मार. पाण्याबद्दल खोटं बोलायचं नाही. तुझ्या शब्दावर माणूस पाण्यात पाय टाकतो."

पण बाबा काही आता पाय टाकणार नाहीत.

१० मार्च

पाहुण्याने फोनवर फोटो दाखवला. मी म्हटलं, "नर आहे. पावणेदोन पौंड. शेपटी जरा झिजलीय." तो म्हणाला, "आणि माझी बायको कशी वाटली?" फोटोत बायको होती म्हणे, मासा धरून! सेल्विन खोकल्याचं सोंग करत झाडामागे गेला. आमच्या धंद्याचा रोगच हा, मासा दिसला की माणूस दिसत नाही.

१२ मार्च, गुरुवार

सकाळी सातला सेल्विनचा फोन. "पाठ धरलीय गं. आज तू सांभाळशील ना?" चारही पाहुणे माझ्या गळ्यात. आणि दिवस काय पण! ऊन, नऊ अंश, तळाचा गोटा न् गोटा दिसतोय. माशी चाळीस मिनिटं उडाली. असा दिवस हंगामात दोनदाही येत नाही आणि बिचारा अंथरुणात!

संध्याकाळी त्याच्याकडे लीकच्या पातीचं सूप घेऊन गेले. दाराशी नदीतले बूट, ओले. म्हणाला, "धुतले." पाठ धरलेली असताना?

१३ मार्च

पाणी तसंच. पाठ बरी झाली म्हणे. इतक्यात!

१६ मार्च, सोमवार

आजीचा डोह इथेही लिहायचा नाही असं ठरवलं होतं. आता लिहिते. राहिलंय काय लपवायला!

गिरणीच्या ओढ्यावर, जुन्या पायवाटेच्या टोकाशी. आजी तिथे कपडे धुवायची. आम्हा तिघांनाच माहीत: बाबा, मी, सेल्विन. पाहुणा एकही नेला नाही, कधीच नाही. तिथे पाद्रीबुवा राहतात. म्हातारा ट्राउट, गळ्याशी पांढरा पट्टा, गालावर तीन ठिपके त्रिकोणात. ट्राउटचे ठिपके म्हणजे अंगठ्याचा ठसा, दुसऱ्याचे तसे नसतात. चार वर्षांपूर्वी बाबांनी पहिल्यांदा धरले आणि सोडले. नदीवरचा त्यांचा शेवटचा मासा. त्यानंतर वर्षातून एकदा मी जाते, भेटते, सोडते.

आज पाण्याची पातळी बघायला सेल्विनने त्याचा फोन दिला. माझं बोट सरकलं. फोटो. कुणाच्या तरी ओल्या हातात पाद्रीबुवा! तीन ठिपके. तारीख १२ मार्च.

पाठ त्याची दुखत होती आणि वार माझ्या पाठीत!

"कुणाला नेलंस?"

पांढराफटक पडला. "तेग, विचारू नकोस. शब्द दिलाय मी."

"कुणाला? पाहुण्याला?"

बुटांकडे बघत म्हणाला, "पाहुणाच म्हण."

फोन त्याच्या अंगावर फेकला आणि निघून आले.

१७ मार्च

झोप नाही. कुणी श्रीमंत असेल, मोठा डौल दाखवणारा. 'तुला अशा जागी नेतो जिथे कुणी गेलेलं नाही.' ऐकू येतंय मला!

१८ मार्च

गाइडांच्या पाटीवरून त्याचं नाव पुसलं. त्याने बांधलेल्या पिसांच्या माशांची डबी, हिवाळाभर बसून बांधल्या होत्या माझ्यासाठी, त्याच्या दारात ठेवून आले. बेल वाजवली नाही.

१९ मार्च

पबमध्ये सगळ्यांसमोर बोलले. बोलायचं ठरवलं नव्हतं. तो आला, माझ्याशेजारच्या स्टुलावर बसायला लागला, एकवीस वर्षांच्या सवयीने — आणि माझा तोल गेला. "इथे नको बसूस. इथे माणसं बसतात, ज्यांचा शब्द असतो." मग सगळंच सांगितलं. पाठीचं खोटं, डोह, फोटो. केसाने गळा कापलास म्हणाले.

तो एकदाच बोलला. "माझ्या शब्दामुळेच गप्प आहे गं मी." आणि टोपी घालून गेला. बिअर तशीच.

मालकीण ब्रॉन्माई ग्लास पुसत म्हणाली, "एका माशासाठी, तेग?"

माशासाठी नाही! कसं कळत नाही कुणाला? नदीवर माझा हात धरून उभं राहणारा एकच माणूस होता. बाबा खिडकीशी बसल्यापासून तर तोच एक. बुडत असते तर त्याच्याच नावाने हाक मारली असती. आता कुणाला मारू?

२० मार्च

सेल्विन गाव सोडून चाललाय. बहिणीकडे, समुद्रकाठच्या कार्डिगनला. उद्या सकाळी. हंगाम ऐन भरात! ब्रॉन्माईने मुद्दाम येऊन सांगितलं. मी म्हटलं, "जाऊ दे. समुद्रात मॅकरेल धर म्हणावं. तिथे लपवायला काही नसतं."

ती गेल्यावर रडले. स्वतःचाच राग आला.

२१ मार्च

त्याची गाडी पुलावरून गेली. मी पाण्यात होते, वर पाहिलं नाही. पाणी आठ अंश, स्वच्छ. माशी वीस मिनिटं.

२२ मार्च, रविवार

गेल्या रविवारी पाहुणे होते, म्हणून दोन आठवड्यांनी बाबांकडे. "पाणी कसं आहे?" मी म्हटलं, "गढूळ." सवयीने. तेव्हा टेबलावर दिसला, काचेच्या चौकटीत, मोठा करून — पाद्रीबुवांचा फोटो. रॉन्वेन कौतुकाने म्हणाली, "छान आलाय ना? गाडी मी चालवली. सेल्विनने खुर्चीसकट उचलून नेलं ह्यांना!"

मग फोटोतला हात पाहिला. पहिल्यांदाच. तर्जनी अर्धी.

बाबा खिडकीबाहेर बघत होते. "त्या दिवशी तळाचा गोटा न् गोटा दिसत होता, तेग. सेल्विनला म्हटलं, तिला सांगू नकोस. आपलं खोटं बाबांना कळलं, हे कळलं तर पोरीला लाज वाटेल."

कार्डिगनला चारदा फोन लावला. बहीण म्हणते, तो घरात नाही.